हळदी-कुंकू किती लांबून दिसेल? हलका स्पॉटिंग स्कोप निवडताना

हळदी-कुंकू बदकाला हे नाव ज्याने कोणी दिले, त्याने तो पक्षी चांगला जवळून पाहिला असला पाहिजे. काळ्या चोचीचे टोक हळदीसारखे पिवळे आणि चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना कुंकवासारखे दोन लाल ठिपके. एकदा पाहिले की विसरणे अशक्य. पण हिवाळ्यात तलावाच्या पाळीवर उभे राहून समोर पाहिले, तर पलीकडच्या काठाला शे-दीडशे करडे-तपकिरी ठिपके तरंगताना दिसतात. त्यांतली हळदी-कुंकू किती, तलवार बदके किती, थापट्या किती आणि नुसते वारकरी किती? पुढे सरकावे तर सगळा थवा उडतो आणि प्रश्न तसाच राहतो.

भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांपुढे हा प्रश्न वारंवार येतो, कारण हा तलावांचाच जिल्हा आहे. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागलेले शेकडो लहानमोठे तलाव इथे आहेत. भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर शहापूर आहे. तिथल्या एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांचा पक्षिनिरीक्षण गट काढला असे समजू. सायकलीने किंवा पायी जाता येईल असे पाणी आसपास आहे. दिवसभराची सहल काढली तर पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. गटाकडे थोडे पैसे जमले आहेत आणि त्यांना दूरचे पाहण्याचे एक साधन घ्यायचे आहे. कोणते घ्यावे?

अशा कामासाठी स्पॉटिंग स्कोप नावाची एकनळी दुर्बीण वापरतात. ट्रायपॉडवर बसवायची, साधारण १५ ते ६० पट मोठे दाखवणारी आणि प्रतिमा सुलटी देणारी. शाळेत आकाशदर्शनाची दुर्बीण असली तरी तिचा इथे फारसा उपयोग नाही. तिच्यात प्रतिमा उलटी किंवा डावी-उजवी बदललेली दिसते. ताऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण पोहणाऱ्या बदकाचा पाठलाग करताना आपण गोंधळतो. शिवाय ती लांब आणि नाजूक असते. स्कोपमध्ये लोलक बसवून प्रतिमा सुलटी केलेली असते आणि नळीही आखूड होते.

शिकाऱ्यांचे साधन, आपले काम

हलक्या स्पॉटिंग स्कोपची मागणी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील डोंगराळ भागात शिकार करणाऱ्यांकडून आली. पाठीवर सामान घेऊन अनेक दिवस रानात फिरायचे, दरीच्या या बाजूला बसून पलीकडच्या उतारावरचे जनावर न्याहाळायचे आणि तिथवर चालत जाणे योग्य आहे की नाही हे बसल्या जागी ठरवायचे, ही त्यांची पद्धत. म्हणजे त्यांच्या दृष्टीने स्कोप हे पायपीट वाचवणारे साधन आहे. पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम त्यांना मोजावा लागतो. म्हणून वजन आणि दृश्याचा दर्जा यांचा मेळ कसा घालावा याचा त्यांनी बारकाईने विचार केला आहे.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मोजके अपवाद सोडता शिकारीला बंदी आहे. पण या कायद्यातली एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. ‘शिकार’ या शब्दाची त्यातली व्याख्या केवळ बंदुकीपुरती नाही. प्राण्याला पकडणे, जाळ्यात अडकवणे, हाकून नेणे यांबरोबरच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, त्यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत येते. ‘आम्ही फक्त बघायला गेलो होतो’ असे म्हणत घरट्यापाशी जाऊन घोळका करणारा गट कळत-नकळत कोणत्या बाजूला जातो, ते यावरून ध्यानात येईल.

सारस क्रौंचाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात सारस आज जवळजवळ फक्त गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांतच उरला आहे. (१ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच भंडारा जिल्हा होता.) अलीकडच्या गणनांमध्ये राज्यातील सारसांची संख्या पन्नाशीच्या आतच भरली आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला गवता-काडीचा ढीग रचून तो घरटे करतो आणि त्यात बहुधा दोनच अंडी घालतो. माणसे फार जवळ आली तर जोडी घरट्यावरून उठते. मग उघड्या अंड्यांवर कावळ्याची आणि कुत्र्याची नजर पडायला वेळ लागत नाही. इतक्या थोड्या पक्ष्यांत एक घरटे वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच आपल्या दृष्टीने चांगल्या स्कोपचे माप ‘किती पट मोठे दिसते’ हे नसून ‘किती लांब थांबून काम होते’ हे आहे.

लांबून दिसण्याचे गणित

निकोप डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील बारकावा वेगळा दिसतो. एक कला म्हणजे ६० विकला. सोप्या मापात सांगायचे तर एक मिलिमीटर रुंदीची रेघ सुमारे ३.४ मीटर अंतरावर एवढा कोन करते.

हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरील लाल ठिपका एक सेंटिमीटरचा धरू. बदक ५०० मीटरवर आहे. एक सेंटिमीटरला ५०,००० सेंटिमीटरने भागून विकलांत रूपांतर केले, तर कोन येतो सुमारे ४ विकला. डोळ्याला हव्यात ६०. म्हणजे निदान १५ पट मोठे दिसले पाहिजे. हे झाले जेमतेम; खात्रीने ओळखायचे तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० पट धरावे. बदक ३०० मीटरवर असेल तर कोन ७ विकला होतो आणि २० पट पुरेसे ठरते.

आता सारस घेऊ. प्रौढ सारसाचे डोके व मानेचा वरचा भाग लाल, तर पिल्लाचा फिकट तपकिरी असतो. गणनेत प्रौढ किती आणि पिल्ले किती हे वेगळे नोंदवावे लागते. हा रंगीत भाग १५ सेंटिमीटरचा धरला तर एक किलोमीटरवर त्याचा कोन ३१ विकला होतो. आठ पट मोठे दाखवणाऱ्या साध्या दोन नळ्यांच्या दुर्बिणीतून तो २५० विकलांच्या आसपास जातो, म्हणजे डोळ्याच्या गरजेच्या चौपट. सारस मोजायला स्कोप लागतोच असे नाही, असा याचा अर्थ. स्कोपची खरी गरज पडते ती दूरच्या बदकांसाठी, चिखलात पळणाऱ्या छोट्या तुतवारांसाठी आणि पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचे आकडे वाचण्यासाठी.

मग ६० पट का नको?

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती पावरचा?’ हा. या प्रश्नाने पुष्कळदा फसगत होते. मोठेपणा वाढवताना चार अडथळे आड येतात.

पहिला अडथळा भिंगाचा. पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास जेवढा लहान तेवढी बारकावे वेगळे दाखवण्याची त्याची मर्यादा लवकर येते. हा प्रकाशाच्या तरंगरूपाचा परिणाम आहे. ११६ ला व्यासाच्या मिलिमीटरने भागले की ही मर्यादा विकलांत मिळते. ६० मि.मी. भिंगासाठी ती येते साधारण २ विकला. ३० पटीला या २ विकलांच्या ६० होतात, म्हणजे भिंगाने टिपलेले सारे बारकावे चांगल्या डोळ्यापर्यंत पोचतात. त्यापुढे चित्र नुसते मोठे होते, पाहायला थोडे सोपे जाते. आणि ६० पटीच्या पुढे तर पदरी काहीच नवे पडत नाही.

दुसरा अडथळा प्रकाशाचा. व्यासाला पटीने भागले की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ६० मि.मी. स्कोपमध्ये २० पटीला ही चकती ३ मि.मी. असते, ६० पटीला फक्त १ मि.मी. भर दिवसा आपल्या बुबुळाचे छिद्र २ ते ३ मि.मी. असते, झुंजूमुंजू उजेडात ते ५ मि.मी. किंवा अधिक होते. चकती छिद्राहून लहान झाली की चित्र अंधारू लागते. म्हणून पहाटे आणि सायंकाळी मोठी पट निरुपयोगी ठरते. ८ पट व ४२ मि.मी. च्या दुर्बिणीची चकती ५ मि.मी. हून थोडी मोठी असते. त्या वेळी तीच अधिक कामाची.

तिसरा अडथळा दृश्याच्या रुंदीचा. २० पटीला एका किलोमीटरवर साधारण ४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ६० पटीला तो २० मीटरच्या आसपास येतो. थव्याची गणती करताना इतक्या अरुंद भोकातून पाहिले की मोजलेले पक्षी पुन्हा मोजले जातात, काही सुटतात. पन्नासांच्या आतल्या संख्येत अशी एक-दोन पक्ष्यांची चूकही मोठी असते.

चौथा अडथळा हवेचा, आणि विदर्भात तोच सर्वांत मोठा. ऊन चढले की जमिनीलगतच्या हवेचे कमी-अधिक तापलेले झोत वर उठतात. त्यांची घनता वेगळी, म्हणून त्यांतून प्रकाश वेगवेगळा वळतो आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखे थरथरते. स्कोप बदकाबरोबर ही थरथरही तितक्याच पटीने मोठी करतो. सकाळी दहा-अकरानंतर धानाच्या कापलेल्या बांध्यांवरून पाहिले, तर महागड्या स्कोपमध्येही ३० पटीच्या पुढे चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. यावर भिंगाचा इलाज नाही. इलाज आहे तो लवकर उठण्याचा.

वजनाचा हिशेब

मोठे भिंग घेतले की प्रकाश आणि बारकावे दोन्ही वाढतात, मग मोठेच का घेऊ नये? कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो, तर काच आणि नळी यांचे वजन जवळपास घनाने. ५० ऐवजी ८० मि.मी. घेतले तर प्रकाश अडीच पट होतो; वजन, नळीची रचना हलकी ठेवली तरी, त्याहून जास्त वाढू पाहते. प्रत्यक्षातील आकडे साधारण असे आहेत:

५० मि.मी. : अर्धा ते पाऊण किलो
६० ते ६५ मि.मी. : एक ते सव्वा किलो
८० ते ८५ मि.मी. : दीड ते दोन किलो

यात ट्रायपॉडचे वजन धरलेले नाही आणि नेमके तिथेच पुष्कळांचे गणित चुकते. जड स्कोप हलक्या ट्रायपॉडवर ठेवला की वाऱ्याच्या झुळकीने हलतो. म्हणजे दोन किलोच्या स्कोपला अडीच किलोचा तरी ट्रायपॉड हवा. एकूण साडेचार किलो. ५० मि.मी. च्या स्कोपला सव्वा किलोचा ट्रायपॉड पुरतो. सगळे मिळून दोन किलोच्या आत. तलावाला फेरी मारताना हे ओझे मुलांनीच आळीपाळीने उचलायचे आहे. ओझे नकोसे झाले की स्कोप शाळेच्या कपाटात राहतो, आणि कपाटातल्या ८० मि.मी. पेक्षा खांद्यावरचे ५० मि.मी. केव्हाही जास्त पाहते.

एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता तो बुटका ठेवावा आणि मधल्या दांड्याला खाली आपली पिशवी टांगावी. हलका ट्रायपॉडही मग बराच स्थिर राहतो.

दुकानात काय पाहावे?

नळी सरळ की तिरपी? सरळ नळीचा स्कोप पक्ष्यावर रोखायला सोपा असतो. पण ज्यात नेत्रभिंग ४५ अंशांत वर वळलेले असते, त्या तिरप्या स्कोपमध्ये वरून वाकून पाहता येते. एकदा बुटकी उंची ठरवली की सहावीची मुलगी आणि सहा फुटी गुरुजी दोघेही ट्रायपॉड न हलवता पाहू शकतात. शाळेच्या गटासाठी तिरपाच घ्यावा.

नेत्रभिंग एकाच पटीचे की बदलत्या? बदलत्या पटीचे सोयीचे वाटते, पण त्याच्या सर्वांत कमी पटीला दृश्य बहुधा अरुंद असते. २० ते २५ पटीचे, रुंद दृश्याचे एकच नेत्रभिंग मिळत असेल तर ते हलके, स्वस्त आणि मुलांना वापरायला सोपे. बदलत्या पटीचे घेतलेच, तर मुख्यतः २० ते ३० मध्येच ते वापरायचे आहे हे ध्यानात ठेवावे.

चष्मा लावणाऱ्यांसाठी नेत्रभिंगापासून डोळा किती लांब ठेवता येतो हे विचारावे. १५ मि.मी. किंवा अधिक असेल तर चष्म्यासकट पूर्ण दृश्य दिसते.

भिंगांवरचा लेप पाहावा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी ६६ टक्केच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. चांगल्या लेपाने हा तोटा प्रत्येकी अर्ध्या टक्क्यावर येतो आणि ९५ टक्के प्रकाश मिळतो. पुढच्या भिंगात नळीच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते मंद, हिरवट किंवा जांभळट दिसले तर निदान त्या भिंगावर लेप आहे. पांढरे झगझगीत दिसले तर समजावे की लेप नाही.

रंगीत कडाही तपासाव्यात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार पाहावी. तिच्या एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-पिवळी किनार ठळक दिसत असेल, तर काचेचे अपस्करण नीट आवरलेले नाही. कमी अपस्करणाची काच वापरलेल्या स्कोपवर ‘ईडी’ अशी अक्षरे असतात. तो महाग असतो. पण ८० मि.मी. च्या साध्या काचेपेक्षा ६० मि.मी. ची ही काच पुष्कळदा सरस ठरते.

शेवटची गोष्ट दमटपणाची. आपल्याकडे पावसाळ्यात भिंगांवर आतून बुरशी धरते आणि ती निघत नाही. नळी हवाबंद असून आत नायट्रोजन भरलेला असेल तर हे टळते. एरवीही स्कोप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा; चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत चार महिने ठेवू नये.

वर्गात करून पाहा

१. पांढऱ्या कागदावर एक मि.मी. काळी, एक मि.मी. पांढरी अशा समांतर रेघा काढा. हा कागद लांब लांब नेत, रेघा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसू लागेल ते अंतर नुसत्या डोळ्याने मोजा. ते साडेतीन मीटरच्या आसपास येईल. मुलामुलांत फरकही पडेल. आता तोच कागद शाळेच्या मैदानावर ६८ मीटरवर लावा आणि २० पटीने पाहा. रेघा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. हा कागद खिशात घालून दुकानात नेला तर विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त माहिती देतो.

२. स्कोप किंवा दुर्बीण उजळ आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नाही) रोखा आणि नेत्रभिंगामागे आलेखाचा कागद मागे-पुढे करा. प्रकाशाची गोल चकती जिथे सर्वांत लहान आणि स्पष्ट दिसेल तिथे तिचा व्यास मोजा. वस्तुभिंगाच्या व्यासाला या व्यासाने भागले की खरी पट निघते. नळीवर छापलेली पट आणि ही पट जुळते का, ते पाहा. काही स्वस्त दुर्बिणींच्या बाबतीत उत्तर मजेशीर येते.

३. एकाच थव्याची गणती सकाळी सात, नऊ आणि अकरा वाजता करा. ‘ओळखता न आलेले पक्षी’ असा वेगळा रकाना ठेवा. हवेच्या थरथरीचा परिणाम आकड्यांतच दिसेल.

दोन सावधगिऱ्या

सूर्याकडे स्कोप क्षणभरही रोखू नये. डोळा कायमचा जातो. मुलांच्या गटात स्कोपजवळ एक जबाबदार माणूस सतत हवा. दुसरी गोष्ट शहापूर परिसरापुरती. जवळच जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. अशा प्रतिबंधित जागेकडे दुर्बीण रोखणे किंवा तिकडची छायाचित्रे घेणे कटाक्षाने टाळावे. गटाने शाळेचे पत्र जवळ ठेवावे आणि जायच्या आधी गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवावे.

तर मग काय घ्यावे?

आमचा सल्ला असा. पैसे थोडे असतील तर आधी ८ पटीच्या दोन-तीन दुर्बिणी घ्याव्यात. सारसासह तीन-चतुर्थांश काम त्यांनी होते आणि एका वेळी तीन मुले पाहू शकतात. त्यानंतर गटाला मिळून एक स्कोप. पायी फिरणाऱ्या गटासाठी ५० ते ६५ मि.मी. चा, तिरपा, हवाबंद, २० ते ३० पटीला स्वच्छ दिसणारा, ट्रायपॉडसह तीन किलोच्या आत बसणारा. गोसीखुर्दसारख्या मोठ्या पाण्यावर वाहनाने जाऊन एकाच जागी तासन्‌तास बसणार असाल, तरच ८० मि.मी. चा विचार करावा.

आणि वहीत पक्ष्याचे नाव, संख्या, वेळ यांच्या जोडीला आणखी एक रकाना आखावा: ‘किती अंतरावरून पाहिले’. पक्षी उडाला असेल तर तेही लिहावे. वर्षभरात त्या रकान्यातले अंतर वाढत आणि उडालेल्यांची संख्या घटत गेली, तर स्कोपचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे.